मांडव तुझा, खुर्च्या तुझ्या

अशोक, तुझा सिनेमा अखेर हाउसफुल्ल गेला. त्यासाठी तुला मरावं लागलं, एवढंच.

परवा तुझी गंधमुक्ती झाली. सुतक फिटलं, नीलेशच्या डोक्यावर मामाकडची टोपी चढली, पाव्हणे चहूकडून आले. धुळ्याला तुझ्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव होता. मांडव तुझाच. खुर्च्याही तुझ्याच, प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात तुझं नाव. तुझा गडी मला म्हणाला, "काका, गोडाऊनमधली शेवटची चळत निघाली." यावरून गर्दीचा अंदाज तुला येईल. जळगावच्या टॉकीजमध्ये तिसऱ्या दिवशी ज्या सिनेमाला प्रेक्षकांपेक्षा पंखे जास्त होते, तोच सिनेमा तुझ्या पडद्यावर, तुझ्या स्पीकरवरून, भर सकाळी लावला आणि शेवटपर्यंत एकही माणूस उठला नाही. तू असतास तर छाती पुढे काढून म्हणाला असतास, "पाहिलंस, मुनीम?" मी तेव्हा जे सांगितलं असतं तेच आता सांगतो. बट्ट्या तळून व्हायच्या होत्या. जेवल्याशिवाय कोण उठणार?

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. तुझ्याबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ निघालेत, ते काम त्यांच्याकडे असू दे. माझ्याकडे तू दुसरंच काम टाकून गेलास. तुझ्या सिनेमाचा शेवटचा प्रसंग ठेवायचा की कापायचा, हे मी सांगायचं. नीलेशला सिनेमा मोबाईलवर सगळ्यांना बघता येईल असा टाकायचाय. शेवट कापला तर लोक एकमेकांना पाठवतील, ठेवला तर कंटाळून सोडतील, असं तुझा पोरगा म्हणतो, आणि त्याचा हिशेब बरोबर आहे. पण तू त्याला बजावून गेलास की शेवटाला हात लावायचा तर आधी मुनीमला विचार.

आणि मी तो शेवट पाहिलेलाच नव्हता. हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू हे केलंस.

भांडण आपलं जुनं आहे. धुळ्याच्या कॉलेजात असताना सिनेमा सुटला की आपण चालत खोलीवर यायचो आणि खोली येईपर्यंत भांडायचो. नायकाने कोर्टात उभं राहून लांबलचक बोलायला सुरुवात केली की तू खुर्चीच्या कडेला यायचास, आणि मी नेमका तेव्हाच शेंगदाणे आणायला बाहेर जायचो. तू म्हणायचास, "सिनेमा बघून माणूस जसा आत गेला तसाच बाहेर आला, तर तिकीट कशाचं?"

"अडीच तास एका जागी बसवल्याचं," मी म्हणायचो. "तेवढं पुढाऱ्यांनाही जमत नाही."

पुढे मी जळगावला डाळ मिलमध्ये लागलो आणि मला माझ्या बाजूने एक दाखला मिळाला. डाळीत खडा निघाला की गिऱ्हाईक पोतं परत करतं, खड्याची किंमत देत नाही. सिनेमातला मुद्दा म्हणजे तो खडा. तू ते ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "खडा लागला म्हणजेच माणूस चावायचं थांबतो आणि ताटात बघतो, मुनीम. नाहीतर आपण काय गिळतोय ते त्याला कळतही नाही." मला याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. नंतरही सुचलं नाही. पण उत्तर न सुचणं म्हणजे हरणं नव्हे, हे मी तुला दर वेळी सांगत आलो.

मुनीम हे नाव तूच ठेवलंस. मिलमध्ये मी मुनीम नाही, माझ्याकडे गोडाऊनचं काम आहे: माल किती आला, किती निघाला, घट किती. तुला तो फरक कधी कळला नाही. तुला बारीक फरक कळत नसत. तुला मोठ्या गोष्टी कळायच्या आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या असायच्या.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुझा ऋणी आहे, ती इथे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. माझी आई धुळ्याच्या दवाखान्यात होती तेव्हा तिचे दोन्ही डोळे गेलेले होते. तू रोज संध्याकाळी काम आटोपून यायचास आणि तिला सिनेमे सांगायचास. गाण्यांसकट. मारामारीचे आवाज तोंडाने काढून. शेजारच्या खाटेवरच्या बायाही कुशीवर वळून ऐकायच्या. आईने डोळे असताना पाहिले नसतील तेवढे सिनेमे तुझ्या तोंडून पाहिले. ते सिनेमे मी पाहिलेले होते, म्हणून मला एक गोष्ट कळत होती. तू एकेकाचा शेवट बदलत होतास. मेलेले वाचत होते, हरलेले जिंकत होते, भाषणं तर तू गाळूनच टाकत होतास. बाहेर चहा पिताना मी तुला गाठलंच. म्हटलं, "आता कुठे गेला तुझा मुद्दा? आईला नुसती मजाच वाढतोस की."

तू कप ठेवलास आणि म्हणालास, "तुझ्या आईने कुणाला मत विकलं नाही. तिला कशाला भाषण?"

तेव्हा मला हे नुसतं बोलणं वाटलं. तुझ्या डोक्यात सिनेमा तेव्हाच शिजायला लागला होता, हे फार उशिरा कळलं.

धंद्यापायी तू सगळ्या पक्षांच्या सभांना जायचास. मांडव, खुर्च्या, स्पीकर, आणि पुढच्या रांगेसाठी ते लाल सोफे. सकाळी एका पक्षाचा झेंडा, दुपारी तोच बांबू, वरचं कापड दुसरं. तुझ्याइतकी भाषणं जिल्ह्यात कुणी ऐकली नसतील. आवाज कमीजास्त करायच्या पेटीपाशी बसून तू सगळं बघायचास. टेम्पोतून आणलेल्या बाया, पुड्यातली पुरीभाजी, टाळी कधी वाजवायची ते मागून खुणावणारा कार्यकर्ता. मीही असायचो त्यात. आमचे शेठ दोन्हीकडे बरे राहणारे, म्हणून मिलची माणसं दोन्ही सभांना धाडायचे, आणि त्यांना घेऊन मी. मला भाषणात रस नव्हता. मी बसल्या बसल्या रांगा मोजायचो, एका रांगेतल्या खुर्च्या मोजायचो, गुणाकार करायचो. सभा संपली की तुझ्याकडे येऊन आकडा सांगायचो. दुसऱ्या दिवशी पेपरात जनसागर लोटलेला असायचा. "पेपरात सागर, मुनीमकडे विहीर," असं म्हणून तू पोट धरून हसायचास. त्या आपल्या चांगल्या वेळा होत्या. मला तरी तसं वाटत होतं.

आणि मग तू अहिराणीत सिनेमा काढलास.

गोष्ट तुझीच. मांडववाला तूच. अभिनय तुला येत नव्हता, पण स्वतःसारखं वागायला अभिनय लागत नाही. एकाच गावात एकाच दिवशी दोन उमेदवारांची सभा, मांडववाला एकच, त्याचा मेहुणा भागीदार, आणि दोन्हीकडून सुपारी घेऊन बसलेले हे दोघे. पहिल्या सभेतून दुसऱ्या सभेत खुर्च्या पळवतात, खुर्च्यांबरोबर माणसंही पळवतात, एक म्हातारा झोपेतच खुर्चीसकट दुसऱ्या पक्षात जातो. हे भारी होतं. मी हसलो आणि हसलो हे तुला सांगितलंही. मग शेवट. तो मांडववाला मोकळ्या स्टेजवर चढतो, माईक हातात घेतो, आणि गावाला म्हणजे प्रेक्षकालाच बोलायला लागतो. एवढं मला ऐकून माहीत होतं. टॉकीजच्या मॅनेजरने सांगितलं कापा. मेहुण्याचं काम करणाऱ्या नटाने सांगितलं कापा. मी तर पाहण्याआधीच सांगितलं. तू म्हणालास, "तेवढ्यासाठीच बाकीचा काढलाय."

लोकांचं मत घ्यायची युक्तीही तुझीच. तेलाचे दोन पत्र्याचे डबे, वरून फट पाडलेले. एकावर वहिनींनी कागद चिकटवला: मजा आली. दुसऱ्यावर: मुद्दा पटला. बाहेर पडायच्या दाराच्या दोन बाजूंना दोन डबे, आणि ज्याने त्याने आपल्या तिकिटाचं अर्धुक हवं त्या डब्यात टाकायचं. कल्पना चांगली होती. ती तुझी असल्यामुळे तिच्यात एक भोक होतं.

पहिल्या दिवशी दुपारच्या खेळानंतर तुझा मला मिलमध्ये फोन. "मुनीम, मुद्द्याचा डबा भरून वाहतोय! मजेचा तळही झाकला नाही. खान्देशचा माणूस तुला कळलाच नाही रे!" मागे कोणीतरी ढोल वाजवत होतं.

मी संध्याकाळच्या खेळाला आलो. आत बसलो, हसायचं तिथे हसलो, आणि तू स्टेजवर चढलास तसा मी बाहेर येऊन दाराशी उभा राहिलो. मला लोक बाहेर पडताना बघायचे होते. पोत्याच्या तोंडाशी चांगलीच तूर असते. पोटात सळई खुपसून नमुना काढल्याशिवाय माल कळत नाही, आणि मला तो नमुना काढायचा होता. लोक आले. बोलत आले. ते काय बोलले ते मी तुला त्याच रात्री सांगितलं होतं, पण तू ऐकायच्या अवस्थेत नव्हतास, म्हणून पुन्हा सांगतो.

एक शेतकरी त्याच्या सोबत्याला म्हणाला, "हसनूत भलता. पन शेवटले तो आम्हलेच कसाले बोली ऱ्हायना?"

दुसरा म्हणाला, "पिच्चर देखाले उनूत, शाळामा नही."

एक बाई पदर सावरत म्हणाली, "बठ्ठं खरं शे, माय. पन खरं आयकाले पैसा कसाले देवाना?"

एक कॉलेजचा पोरगा म्हणाला की भाषण मोबाईलवर फुकट मिळतं. एक पेन्शनर म्हणाले की असेच सिनेमे निघायला पाहिजेत, आणि त्यांनी अर्धुक मजेच्या डब्यात टाकलं, कारण त्यांना त्या बाजूच्या रिक्षा स्टँडवर जायचं होतं. आणि सगळ्यात जास्त जणांनी विचारलं ते हे: "हाऊ पिच्चर कोन्ह्या पक्षाना शे?" मी म्हणालो, कोणत्याच नाही. त्यावर एकाने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून विचारलं, "मंग काढा कसाले?"

पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. टॉकीजची मोटरसायकलींची जागा डाव्या अंगाला. जवळजवळ सगळे मोटरसायकलीवर आलेले. बाहेर पडणारा माणूस एका हाताने खिशात किल्ली चाचपत डावीकडे वळायचा आणि जाता जाता जो डबा आड येईल त्यात अर्धुक टाकायचा. डावीकडे मुद्दा होता. कागद कुणी वाचत नव्हतं.

पुढच्या खेळाआधी मी वहिनींच्या देखत डबे बदलले. मजा डावीकडे, मुद्दा उजवीकडे. खेळ सुटला. मजेचा डबा भरला. मुद्द्यात रिक्षाने जाणाऱ्यांची थोडी अर्धुकं.

तू तेव्हा दारात पेढे वाटत होतास. नट मंडळी होती, मॅनेजर होता. मी म्हटलं, "अशोक, पेढे थांबव." आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तुझा चेहरा कसा झाला ते मला आठवतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, एक दिवस तरी राहू द्यायचं होतं." अजूनही नातेवाइकांत बोललं जातं की मुनीमने अशोकचा सिनेमा पाडला. सिनेमा तिसऱ्या दिवशी पडला, तो माझ्यामुळे नव्हे. मी खोटा आकडा खरा केला. तेव्हा केलं ते बरोबर केलं आणि आजही मी तेच करीन. जो माणूस लोकांना तोंडावर सांगतो की तुम्ही खोट्या टाळ्या वाजवता, त्याने खोट्या अर्धुकांवर पेढे वाटू नयेत.

तू पेढ्याचा पुडा बंद केलास. मग म्हणालास, "डबे कुठे ठेवावेत ते सांगितलंस. तुझं अर्धुक कुठे टाकलंस?"

"कुठेच नाही. माझ्या खिशात आहे."

"का?"

"मी मोजणारा आहे. मोजणारा मत टाकत नाही."

तू हसलास, अशोक. पेढे, ढोल, सगळ्याचा सत्यानाश झालेला आणि तू मान मागे टाकून हसलास. नटांना वाटलं तुझं डोकं फिरलं. मलाही क्षणभर वाटलं. मग तू विचारलंस, "शेवट पाहिलास का?"

"मी दाराशी उभा होतो."

"मग मोजलंस काय, मुनीम? लोकांचे पाय?"

ते अर्धुक पुढे शर्टाबरोबर धुतलं गेलं. पण तुझी भुणभुण चालूच. फोन आला की कशावरूनही बोलणं सुरू होवो, संपायचं तिथेच. "शेवट बघितलास?" मी म्हणायचो, "प्रेक्षकाला उठून जायचा हक्क आहे. मी तो वापरला." तू म्हणायचास, "हक्क वापरलास, आता खुर्चीही वापर." जळगावात मेहरूणला माझ्या घरी आलास तेव्हा सिनेमा खिशात घालूनच आलेलास. मी टीव्ही लावू दिला नाही. एकदा वॉर्डातल्या कार्यकर्त्याने फुकट तिकिटं वाटलेल्या एका हिंदी सिनेमाला तू मला ओढून नेलंस. लोक पडद्याकडे बघून घोषणा देत होते. मी झोपलो. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "बघ, ऐकायचंच असतं लोकांना भाषण. फक्त ते दुसऱ्याला दिलेल्या शिव्यांचं पाहिजे. स्वतःला बसलेल्या शिव्या नको असतात." हे तू बरोबर बोललास. मी तेव्हा कबूल केलं नाही, कारण मग तू पुन्हा शेवटावर आला असतास.

मग तुझा घसा धरला. तंबाखूबद्दल मी तुला किती बोललो ते आता काढत नाही. तू माझं ऐकून कधी काही सोडलंस? आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करून देणाऱ्या माणसाचा आवाज आधी खरखरला, मग बसला, मग ऑपरेशनमध्ये गेलाच. दवाखान्यात मी शेजारी बसायचो आणि तू छताकडे बघायचास. मला वाईट एवढंच वाटायचं की आता भांडता येत नाही. एक बाजू बोलते आणि दुसरी नुसती बघते, याला भांडण म्हणत नाहीत. शेवटच्या भेटीत तू दोन बोटं माझ्या डोळ्यांकडे नेलीस आणि मग स्वतःच्या तोंडाकडे. नर्सला वाटलं पाणी मागतोस. वहिनींना कळलं. मलाही कळलं. मी म्हणालो, "बघीन रे शेवट." तू मान हलवलीस: नाही, तू बघणार नाहीस. त्यावेळीही तुला माझ्यावर भरवसा नव्हता, म्हणून नीलेशला चिठ्ठी लिहून अडकवून ठेवलंस.

तर परवाचा हिशेब.

सिनेमा लावायचा हट्ट वहिनींचा. "एकदा तरी भरल्या मांडवात चालू दे," म्हणाल्या. लोक आधी अवघडून बसले. गंधमुक्तीला हसावं कसं? पण तो म्हातारा खुर्चीसकट दुसऱ्या पक्षात गेला तेव्हा मागच्या बायांनी तोंडाला पदर लावला, आणि मग कुणालाच आवरेना. पुढच्या लाल सोफ्यांवर तुझी दोन जुनी गिऱ्हाइकं होती, एका पक्षाचे साहेब आणि दुसऱ्या पक्षाचे साहेब, मध्ये पाण्याच्या बाटल्या. तेही हसले. दोघांनाही वाटत होतं, सिनेमा दुसऱ्यावर आहे.

मग तू स्टेजवर चढलास. मी उठायची सवय असल्यामुळे उठायला लागलो. वहिनींनी घराच्या मागच्या दारातून नुसतं बघितलं. मी बसलो.

तुझा आवाज आला. तो ऐकून किती महिने झाले होते. तुझ्याच स्पीकरमधून, तुझ्याच मांडवात, ठणठणीत. माझ्या शेजारी तुझा साडू बसला होता, त्याने डोळे पुसले. मीही पुसले. पण मत द्यायचं तर कोरडं द्यावं लागतं, म्हणून पुढचं मी नीट पाहिलं. लांब आहे. निम्मं असतं तरी चाललं असतं. माईक तू तोंडाला फार जवळ धरला आहेस. दुसऱ्या कुणी धरला असता तर तू त्याला फाडून खाल्लं असतंस. एकच गोष्ट तू तीनदा सांगतोस. पण मध्ये एक ठिकाण आहे. तू थांबतोस, मोकळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवतोस आणि म्हणतोस, "मांडव मना शे, खुर्च्या मन्या शेतस. पन बसेल तुम्ही शेतस. दोन्ही सभास्मा तुम्हीच."

मांडवात कुणीतरी खुर्चीत हललं. खुर्च्या तर खरंच तुझ्या होत्या.

आणि मग तू जरा खाली वाकून, आपल्या दोघांतलीच गोष्ट सांगावी तसं म्हणालास, "मना एक दोस्त शे. दोन्ही सभास्ले येस. खुर्च्या मोजस, माणसं मोजस. सोताले मोजस नही."

मी हसलो. मोठ्याने हसलो, अशोक. हजारभर माणसं गप्प बसलेली, समोर हार घातलेला तुझा फोटो, आणि मी एकटा खो खो हसतोय. सगळ्यांनी वळून बघितलं. तुझ्या साडूने माझा हात दाबला, त्याला वाटलं मला सहन झालं नाही. तू टॉकीजच्या दारात का हसलास ते मला इतक्या वर्षांनी कळलं. तू आधीच पडद्यावर बोलून बसला होतास आणि मी बाहेर येऊन तुला तेच वाक्य म्हणून दाखवलं होतं. याच्यासाठी तू माझ्यामागे लागला होतास. लोकांना काय शिकवायचं ते शिकवलं असशील, पण एका माणसाला गाठायला तू अख्खा सिनेमा काढलास, आणि तो माणूस दर वेळी शेंगदाणे आणायला बाहेर.

सिनेमा संपला. मग दोन्ही साहेब बोलले. पहिले म्हणाले, अशोकभाऊ वरून धंदा सगळ्यांचा करायचे, पण मनाने आमचे होते. मागे कुणीतरी सवयीने टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली, गंधमुक्तीला. दुसरे साहेब उठले आणि म्हणाले, अशोकभाऊ मनाने आमचे होते. पुन्हा टाळ्या. तीच माणसं, त्याच खुर्च्या. पाच मिनिटांपूर्वी तू त्यांना हेच सांगितलं होतंस. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझा मुद्दा शंभर टक्के खरा निघाला आणि त्याचा उपयोग शून्य झाला. दोन्ही आकडे मी तुला एकदमच देतो, कारण त्यातला एकच दिला तर तू पुन्हा पेढे वाटशील.

पंगत टेबलाखुर्चीची होती. पानं वाढताना वहिनी म्हणाल्या, "भाऊ, ते डबे अजून आहेत माळ्यावर. एकात गहू भरलेत, एकात बाजरी. कागद निघून गेले. कोणता कशाचा होता, आता कळत नाही."

"बघितला का शेवट?" त्यांनी विचारलं.

"बघितला."

माझ्या पानात एक बट्टी जास्त पडली.

नीलेश वरण घेऊन आला. कपाळावरची टोपी सारखी करत त्याने हळूच विचारलं, "काका, काय करू? कापू का शेवट?"

"ठेव."

"सगळा?"

"सगळा. लोक सोडून जातील. जाऊ दे."

"पटलं तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "मजा आली."

त्याला ते कळलं की नाही कुणास ठाऊक. तो पुढच्या पानाकडे गेला. तिथे दुसरे साहेब बसले होते. ते त्याला म्हणत होते, "तुझ्या वडिलांचा पिच्चर नंबर एक रे. हसून हसून पोट दुखलं. फक्त ते शेवटचं तेवढं काढून टाक."

"नाही काढणार साहेब," नीलेश म्हणाला. "मुनीमकाकांना तेवढंच आवडलंय."

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तुझ्या मांडवातल्या सभांना मी त्यांच्यासमोर कितीदा बसलोय, पण त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी बट्टी कुस्करली आणि जेवायला लागलो. खुर्चीच्या पाठीवर तुझं नाव होतं, अशोक, आणि खुर्चीत मी बसलो होतो.